जवसाचं काड

सकाळी उठल्यावर युस्टीना आधी चुलीकडे जात नसे, खिडकीकडे जाई. अंगणातल्या पॉपलरची पानं कुणीकडे पळतात ते बघे. दक्षिणेकडे पळत असली तर तो दिवस वाईट, कारण उत्तरेला, रस्त्यापलीकडे, क्लासकाका उंगरचं जवस होतं. पानं उत्तरेकडे पळत असली तर ती दार उघडून पायरीवर उभी राही आणि दोन श्वास घेई. नव्या विहिरीचं पाणी चाखावं तसे, जरा जिभेवर धरून.

मग नळी. श्वासाचा जोर मोजायला डॉक्टरने दिलेली, वीतभर लांब. तोंडाला लावून जोरात फुंकली की आतला लाल काटा पुढे सरके. साडेतीनशेच्या वर गेला तर कपडे बाहेर वाळत घालायचे, बागेतली बीट उपटायची. अडीचशेच्या खाली आला तर खिडक्यांना ओल्या चादरी, आणि युस्टीना तळघरात, बटाट्यांच्या ढिगाशेजारच्या खाटेवर. दोनशेच्या खाली आला तर इस्पितळासाठी गाडी काढायची. आकडा ती दाराच्या चौकटीवर खडूने लिही. इस्ब्रांट गोठ्यातून आला की आधी चौकट वाची, मग बायकोचं तोंड बघे.

बारा वर्षं झाली असं जगायला. त्याआधी याच युस्टीनाने याच रानात खुरपणी केली होती. जवस फुलायच्या दिवसांत बायकांची ओळ पुढे सरकायची आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा:

जवस फुललं, निळं आभाळ वाफ्याला
दुपार होईस्तोवर, नाही उरलं डोळ्याला.

फूल खरंच तेवढंच टिकतं. सकाळी उमलतं, जेवणवेळेला पाकळ्या मातीत. टिकतं ते काड. दाणा काढून मशीन पुढे गेलं की मागे काडाच्या लांब ओळी पडतात, पिंगट, चमकदार, म्हाताऱ्या बाईने केस विंचरून सोडावेत तशा. त्यांच्या धुळीने युस्टीनाच्या डोळ्यांना पाणी येई. त्यांच्या धुराने छाती मिटे.

मागल्या सुगीत, क्लासकाकाच्या रानातला धूर घरात शिरल्यावर, ती पाच आठवडे मार्ताकडे, लेकीकडे, तळ्याकाठी जाऊन राहिली होती. तिथे शेतं नाहीत. जावई तोंडाने काही बोलला नाही, पण रोज संध्याकाळी दाराशी तिच्या सपाता पायाने जरा जरा बाजूला सरकवायचा. पाचव्या आठवड्यात त्या पायरीच्या खाली पोचल्या होत्या.

"यंदा मी जाणार नाही," तिने ऑगस्टातच सांगून टाकलं. "मरायचं तर आपल्या चादरींवर मरेन."

"मरायचं कुणी बोलतंय का?" इस्ब्रांट म्हणाला.

"कुणी बोलत नाही. म्हणून मी बोलते."

*

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात इस्ब्रांट हीबर्ट रस्ता ओलांडून क्लासकाकाकडे गेला. एकटाच गेला. आमच्यात तसंच जायचं असतं. भावाने भावाला दुखवलं तर आधी एकट्याने त्याच्या दारी जायचं. नाही ऐकलं तर दोघांना सोबत न्यायचं. तरी नाही तर देवळातल्या मंडळीपुढे मांडायचं. सरकारात जायचं नाही. डॉक्टरने मागल्या साली एका चिठ्ठीवर तक्रारीचा फोन नंबर लिहून दिला होता. ती चिठ्ठी इस्ब्रांटने घडी घालून खिशात ठेवली आणि त्या खिशासकट पॅन्ट धुवायला टाकली.

क्लासकाका शेडमध्ये नांगरणीच्या अवजाराखाली उताणा पडला होता. पासष्टीचा माणूस, पण हात अजून वासरू उचलणारे. दांड्याला गुंडाळलेलं काड तो सुरीने कापत होता.

"ये. हे बघ." त्याने एक जुडगा बाहेर फेकला. "हे काड म्हणायचं की तार? चार वर्षांपूर्वीचं आहे. जसंच्या तसं. कुजत नाही, तुटत नाही, ढोरं खात नाहीत. सांग, काय करू याचं?"

"काका, स्टीनासाठी आलोय."

"ते तुझी मान बघूनच कळलं. रस्ता ओलांडताना बैलासारखी खाली घातली होतीस."

"मागल्या साली—"

"मागल्या साली मी वारा बघून पेटवलं. सरकारी फोनवरच्या टेपनेही 'आज जाळा' म्हटलं होतं. वारा फिरला, मी फिरलो नाही."

"यंदा नका पेटवू."

"आणि पेरू कुठे? तुझ्या अंगणात?" क्लासकाका सरपटत बाहेर आला, उठून बसला. चिडलेला नव्हता, दमलेला होता. "आमची सूशही खोकते रे. खोकते आणि पाव भाजते."

इस्ब्रांट परत आला. त्याने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले.

*

दुसऱ्या खेपेला त्याने मंडळीचा डीकन डर्क्सन आणि दुकानवाला बेर्न टॉव्स यांना सोबत घ्यायचं ठरवलं. साक्षीला जायचं तर आपण डोळ्यांनी बघायला हवं, म्हणून ते दोघे आधी हीबर्टांच्या स्वयंपाकघरात आले. युस्टीनाने कॉफी केली, प्लमचा केक कापला. डर्क्सनने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"म्हणजे हे नक्की छातीतच आहे ना?" त्याने इस्ब्रांटला विचारलं. युस्टीना हातभर अंतरावर उभी होती. "नाही, म्हणजे कधी कधी बायकांना... लेक लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं. डोक्यात बसतं काही, आणि छातीत उतरतं."

"डॉक्टर छाती म्हणाला," इस्ब्रांट म्हणाला.

"डॉक्टर शहरातला आहे."

"फुंकून दाखव ना गं," इस्ब्रांट हळू म्हणाला.

युस्टीनाने ओट्यावरची नळी घेतली. तिघा पुरुषांसमोर गाल फुगवून, डोळे मोठे करून फुंकायचं. पहिल्यांदा लाजेने नीट फुंकलंच गेलं नाही. दुसऱ्यांदा दोनशे ऐंशी.

"हे कमी की जास्त?" बेर्नने नळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, बाहीला पुसली आणि स्वतः फुंकली. काटा थेट टोकाला गेला. "सहाशे!" तो हसला. "बाबो! मी दोन युस्टीना आहे की."

डर्क्सनलाही हसू आलं. ते त्याने कॉफीत बुडवलं. युस्टीनाने नळी बेर्नच्या हातातून घेतली, गरम पाण्याखाली धरली आणि ते गेटबाहेर जाईपर्यंत धुत राहिली.

पण साक्षीचा गुण आला. क्लासकाकाने तिघांना ओटीवर बसवून ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. मी पेटवत नाही. पण मग उचल तू. दीडशे एकर. गठ्ठे बांध, ने, पाहिजे तिथे रच. शनिवारी संध्याकाळपर्यंत. सोमवारी मला जमीन मोकळी हवी. राहील ते पेटेल."

"होय," इस्ब्रांट म्हणाला.

"होय," क्लासकाका म्हणाला.

आमच्यात याहून जास्त काही लिहून घेत नाहीत.

*

तो आठवडा इस्ब्रांटने असा काढला. पहाटे बारा गाईंचं दूध. दव उतरेपर्यंत मशीनच्या साखळ्यांना तेल, दोऱ्याची रिळं, सुरीला धार. दहाला क्लासकाकाच्या रानात. मशीन काड गिळे, पोटात घोळवे आणि माणसाएवढा गोल गठ्ठा मागे टाके. दहा-बारा गठ्ठे झाले की काड रुळाला गुंडाळे, पट्टा किंचाळे, जळक्या रबराचा वास येई. मग उतरायचं, यंत्र बंद करायचं, खाली सरपटायचं आणि आकडीच्या सुरीने एकेक धागा कापायचा. काडाचे धागे तळव्याला चिरत. दुसऱ्या दिवशी त्याने हातमोजे घातले, तिसऱ्या दिवशी हातमोजे फाटले. चाराला गठ्ठे उचलून आपल्या गोठ्याच्या कडेला आणायचे, एकावर एक रचायचे. पाचला पुन्हा गाई.

आणि घरात यायचं नाही. त्याच्या अंगाखांद्यावर, कानांच्या पाळ्यांत, पापण्यांत जवसाची धूळ. बादलीभर पाण्याने धुतली तरी केसांत राहायचीच. पहिल्या दिवशी तो अंग धुऊन आत आला आणि युस्टीनाचा काटा साठ आकडे मागे गेला. त्या दिवसापासून तो दूधघरात, दुधाच्या टाकीशेजारी गादी टाकून झोपू लागला.

ती ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी: सॉसेज, उकडलेले बटाटे, कोबीचं आंबट सूप झाकणाच्या डब्यात. आतून काच लावून घेई. मग तो बाहेरून येई, उभ्यानेच जेवी, आणि दोघं काचेतून बोलत.

"आज किती?"

"तीनशे दहा."

"खोटं."

"चौकटीवर लिहिलंय. ये, वाच."

"मी आत येऊ शकत नाही म्हणून छाती काढून बोलतेस."

"छाती आहे म्हणून काढते." ती हसे, आणि हसण्याच्या शेवटी बारीक शीळ वाजे. ती दोघांनाही ऐकू येई. "भुवया बघ तुझ्या. पिकल्यासारख्या दिसतात. काढून बाहेर ठेव आणि मग ये."

"तुझ्या बापाने सांगितलं होतं मला, पोरगी नाजूक नाही, कामाची आहे."

"खोटं नव्हता बोलत."

"नव्हता."

तो ताट पुसून कट्ट्यावर ठेवी. काचेवर आतून तिच्या श्वासाचा डाग पडलेला असे, वाटोळा, बशीएवढा. तो विरेपर्यंत इस्ब्रांट तिथेच उभा राही.

शुक्रवारी दुपारी सर आली. मोठी नव्हती, पण काड भिजायला पुरेशी. ओलं काड मशीन घेत नाही. शनिवारी तीन वाजेपर्यंत तो ओळी उलटवत राहिला, मग सूर्य कलेपर्यंत गठ्ठे बांधले. शनिवारची संध्याकाळ झाली की आमच्या गावात यंत्रं बंद होतात. आंघोळी होतात, बूट घासले जातात. इस्ब्रांट यंत्रावरून उतरला तेव्हा चाळीस एकर राहिलं होतं. रस्त्यालगतचं. घराच्या अगदी समोरचं.

*

रविवारी असं ऊन पडलं की ऑक्टोबर वाटू नये. दक्षिणेचा कोरडा वारा, स्वच्छ. पॉपलरची पानं उत्तरेकडे पळत होती. दहालाच काड कडकडीत वाळलं. चालताना पायाखाली मोडल्यासारखा आवाज येत होता.

युस्टीना बाहेर अंगणात आली. इस्ब्रांट काळा कोट घालून गाडीजवळ उभा होता. सहा दिवसांनी नवऱ्याजवळ, मध्ये काच नसताना, ती पहिल्यांदाच उभी राहिली.

"इस्ब्रांट, मशीन जोड."

"आज?"

"आज. सहा तासांत होईल तुझं."

"रविवार आहे, स्टीना."

"माझ्या छातीला वार कळत नाहीत."

त्याने देवळाच्या दिशेने पाहिलं. रस्त्याने गाड्या चालल्या होत्या, एकामागून एक, सावकाश. प्रत्येक गाडीतून एक हात वर होत होता.

"त्या दोघा साक्षीदारांनी आपल्यासाठी शब्द टाकला," तो म्हणाला. "आणि मी भर रविवारी, सगळ्यांच्या देखत, क्लासकाकाच्याच रानात मशीन फिरवू? उद्या कुणी उभं राहील का आपल्यासाठी? मी सकाळी जातो त्याच्याकडे. एक दिवस मागतो. देईल."

"त्याने शनिवार म्हटलं होतं."

"माणूस आहे तो."

"शब्दाचा माणूस आहे. तेच सांगतेय."

इस्ब्रांटने कोटाची बटणं लावली. "एकच दिवस गं," तो म्हणाला.

तो गेला. युस्टीना पायरीवर बसून राहिली, दुपारपर्यंत, रस्त्यापलीकडचं काड वाळताना बघत. वारा तिच्या पाठीवर होता. असा दिवस सबंध सुगीत एखादाच येतो. तिने तो सगळा श्वासात घेतला.

*

सोमवारी सात वाजता इस्ब्रांट उंगरांच्या दारात होता.

"एक दिवस," तो म्हणाला.

क्लासकाकाने फोन उचलून त्याच्या कानाला लावला. टेप चालू होती: आज दुपारी एक ते पाच जाळायला परवानगी, उद्यापासून बंद, बुधवारपासून पाऊस.

"ऐकलंस? आज नाही तर यंदा नाही." त्याने फोन ठेवला. "काल ऊन होतं की."

"काल रविवार होता, काका."

"होता. म्हणून तर मीही काल पेटवलं नाही. दक्षिणेचा वारा होता, सगळा धूर रानावर गेला असता, तुझ्या बायकोला वासही आला नसता." तो जरा थांबला. "आजही दक्षिणेचाच आहे. चल. कडेला पाण्याची टाकी घेऊन उभा राहा. दोघं असलो की आटोक्यात राहील."

आणि इस्ब्रांट गेला. घरी येऊन त्याने खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या, युस्टीनाला तळघरात पोचवलं, श्वासाच्या औषधाचा पंप तिच्या हातात दिला आणि पाण्याची टाकी जोडून क्लासकाकाच्या बांधावर जाऊन उभा राहिला. तो निघताना तिने फक्त एवढंच विचारलं, "तू तिथे?" तो म्हणाला, "तिथे असलो तर मला कळेल."

एकला क्लासकाकाने पेटवलं. जवसाचं काड तेलकट. आग त्यावरून पळत जाते, आणि धूर पिवळट, जाड, मेंढीच्या लोकरीसारखा. तो उत्तरेला गेला, जसा जायला हवा तसा. तीन वाजेपर्यंत तसाच गेला. इस्ब्रांट वारंवार मागे वळून आपलं घर बघत होता. घर लख्ख होतं, पॉपलरचं पान न् पान दिसत होतं.

चाराच्या सुमाराला पानं थांबली.

वारा फिरला नाही. मेला. वर जाणारा धूर कललेल्या उन्हात जरा अडला आणि मग खाली बसू लागला. गार हवा जड असते. संध्याकाळी ती सखल जागा शोधते, आणि धूर तिच्या पाठीवर बसून येतो. तो रस्त्यालगतच्या चरात उतरला, चर भरला, रस्त्यावर आला, रस्ता ओलांडून अंगणात आला. गुडघ्याएवढा. घाई नव्हती त्याला.

"काका!" इस्ब्रांट ओरडला आणि टाकी, आग, सगळं टाकून पळाला.

चादरी जागेवर होत्या. घरात हवा तशी बरी होती. तळघराचं दार उघडलं आणि त्याला दिसलं: धूर घरात वर आलाच नव्हता. जमिनीलगतच्या झरोक्यातून, बटाटे आत टाकायच्या त्या लाकडी नळातून, तो सरळ खाली तळघरात ओतला गेला होता. साऱ्या घरातली सगळ्यात खोल जागा. बारा वर्षं तीच सगळ्यात चांगली जागा होती.

ती खाटेच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढलेले. जिना चढायचा तिने प्रयत्न केला होता. एक सपात तिसऱ्या पायरीवर पडली होती. ओठ प्लमच्या सुपासारखे जांभळे झाले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण डोळे त्याच्यावर नव्हते, पुढच्या श्वासावर होते.

त्याने तिला उचललं. त्याच्या अंगावर नवी राख, जुनं काड, सगळं होतं, आणि तिला त्याच अंगाशी धरून न्यायचं होतं. तिने तोंड फिरवलं. छातीशी धरलेल्या बाईने तोंड फिरवलेलं त्याला कळलं. रस्ता दिसत नव्हता, खिडकीतून डोकं बाहेर काढून तो कडेचं गवत बघत गाडी हाकत होता आणि दर खांबाला म्हणत होता, "घे, स्टीना. अजून एक घे."

*

इस्पितळात चौथ्या दिवशी तिला बोलता येऊ लागलं, तीन-तीन शब्द. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा, नळी भिंतीत गेलेली. गुरुवारी दुपारी क्लासकाका आणि सूशकाकू आले. सूशकाकूने घरी भाजलेले पाव फडक्यात बांधून आणले होते. क्लासकाकाने कोट घातला होता आणि टोपी हातात होती. येत्या रविवारी देवळात प्रभूचा पाव मोडायचा होता. मनात कुणाशी अढी असताना त्या पावाला हात लावायचा नसतो, आणि दुखावलेल्या माणसाने माफीचा शब्द तोंडाने म्हणावा लागतो, दुसऱ्याच्या कानावर पडेल असा. मान हलवून चालत नाही.

"स्टीना," क्लासकाका खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "माझ्या हातून तुला इजा झाली. मी माफी मागतो."

खोलीत नळीतल्या हवेचा आवाज होत होता. इस्ब्रांट खिडकीशी उभा होता, तळव्यांना पट्ट्या. सगळे तिच्या श्वासाची वाट बघत होते. असं पहिल्यांदाच घडत होतं.

तिने मुखवटा वर केला. "पुढच्या साली... काय पेरणार?"

"अगं, आत्ता कशाला ते," सूशकाकू म्हणाली. "पड गप. मी लोणी आणलंय."

पण क्लासकाकाला विचारलं होतं, आणि त्याला खोटं बोलता येत नव्हतं. "रस्त्यालगत गहू," तो म्हणाला. "जवस त्याच्या मागे."

"आणि काड?"

त्याने टोपीची कड बोटांनी एक वेढा फिरवली. "जाळीन."

युस्टीनाने मुखवटा खाली ओढला, सहा-सात श्वास घेतले, पुन्हा वर केला.

"तुम्ही जे म्हटलं... तेच केलंत, काका. दर वेळी. मी माफ केलं."

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम सैल पडला. त्याने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. सूशकाकूने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. इस्ब्रांटने खिडकीच्या कठड्यावर हात टेकला आणि मोठा सुस्कारा टाकला.

"चला," तो म्हणाला. "मिटलं तर मग. रविवारी सगळ्यांना पाव घेता येईल."

"सगळ्यांना नाही," युस्टीना म्हणाली.

तो वळला.

"तू... अजून... मागितली नाहीस."

"मी?" इस्ब्रांटने क्लासकाकाकडे पाहिलं, मग सूशकाकूकडे, जणू त्यांनी साक्ष द्यावी. "मी तर आठवडाभर... हे हात बघ. गाईंशेजारी झोपलो. सहा दिवस मी—"

"सहा," ती म्हणाली. "सातव्या दिवशी... मी तुला... मागितलं होतं."

सूशकाकूने नवऱ्याची बाही धरली. ती दोघं भिंतीच्या कडेने, पावलं न वाजवता बाहेर गेली. दार अर्धवट उघडं राहिलं.

इस्ब्रांट तिथेच उभा होता. त्याची छाती चांगली रुंद होती, हवेला कधी तोटा नव्हता. त्याने ती भरून घेतली. तोंड उघडलं. रविवार त्याच्या घशात आडवा आला. काळा कोट, रस्त्याने जाणाऱ्या गाड्या, वर होणारे हात. तोंड तसंच उघडं राहिलं.

युस्टीना वाट बघत होती. मुखवट्याची काच तिच्या श्वासाने पांढरी व्हायची, मोकळी व्हायची, पुन्हा पांढरी व्हायची.